फाइल व्यवस्थेतील भ्रष्टतेचे कारणनिदान : एक ऐतिहासिक आढावा

१. प्रास्ताविक

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना 'भ्रष्ट पाठ' ही संज्ञा अपरिचित नाही. लेखनिकाची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरणे, समासातील टीप संहितेत शिरणे, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल होणे अशा प्रत्येक दोषावर त्याच्या कारणाची खूण उमटलेली असते. ती खूण वाचता आली तरच मूळ पाठापर्यंत पोहोचण्याची आशा धरता येते. संगणकाच्या डिस्कवर साठविलेल्या मजकुरालाही भ्रष्टता ग्रासते आणि तिच्या कारणाचा शोध हा संगणकविद्येतील एक जुना व अद्याप न संपलेला प्रश्न आहे. येथे नक्कल करणारे हात मात्र अनेक असतात. वापरकर्त्याने लिहिलेले अक्षर स्मृती, कार्यप्रणाली, नियंत्रक, जोडणीची तार, डिस्कमधील स्वतंत्र आज्ञावली अशा पायऱ्या उतरत चकतीवर स्थिरावते. यांपैकी कोणत्याही पायरीवर दोष निर्माण होऊ शकतो आणि तो बहुधा भलत्याच ठिकाणी प्रकट होतो.

विषयाच्या आकलनासाठी फाइल व्यवस्था म्हणजे काय, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. डिस्कला फाइल ठाऊक नसते. तिला केवळ क्रमांक दिलेले समान आकाराचे ब्लॉक ठाऊक असतात. कोणते ब्लॉक कोणत्या फाइलचे, त्यांचा क्रम काय, फाइलचे नाव काय आणि कोणते ब्लॉक रिकामे आहेत, हा सर्व हिशेब फाइल व्यवस्था ठेवते. मजकुराचा एखादा ब्लॉक बिघडला तर एका फाइलचे नुकसान होते. हिशेबाचा ब्लॉक बिघडला तर सुस्थितीतील हजारो फाइलीही हाती लागेनाशा होतात. म्हणूनच भ्रष्टतेच्या निदानाचा इतिहास प्रथमतः या हिशेबाच्या तपासणीचा इतिहास आहे. हिशेब जुळला म्हणजे मजकूर खरा ठरला असे नव्हे, ही जाणीव पुढे क्रमाक्रमाने होत गेली.

२. हिशेबतपासणीचा कालखंड

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. तिच्या फाइल व्यवस्थेत प्रत्येक फाइलसाठी 'आयनोड' नावाची नोंद असते. फाइलचा आकार, तिचे ब्लॉक आणि तिला किती नावे आहेत याची संख्या या नोंदीत असते. नाव मात्र तिथे नसते. ते निर्देशिकेत आयनोडच्या क्रमांकासह लिहिलेले असते. या रचनेमुळे एकच वस्तुस्थिती दोन ठिकाणी नोंदली जाते. आयनोडमधील नावांची संख्या आणि निर्देशिकांतील प्रत्यक्ष नावे जुळली पाहिजेत. रिकाम्या ब्लॉकची यादी आणि वापरातील ब्लॉक मिळून संपूर्ण डिस्क भरली पाहिजे व कोणताही ब्लॉक दोन्हीकडे असता कामा नये. एक नोंद झाली आणि दुसरी होण्यापूर्वी वीज गेली, तर या दोन साक्षी परस्परविरोधी होतात. त्या काळात भ्रष्टतेचे निदान म्हणजे हा विरोध शोधणे होय.

१९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत या कामासाठी स्वतंत्र साधने होती. 'आयचेक' ब्लॉकचा हिशेब पाही, 'डीचेक' नावांची संख्या ताडून पाही, तर 'एनचेक' आयनोडच्या क्रमांकावरून नाव सांगे. दुरुस्ती मात्र यंत्र सांभाळणाऱ्या माणसाच्या ज्ञानावर सोपविलेली होती. या विखुरलेल्या तपासण्या एकत्र आणणारा कार्यक्रम म्हणजे 'एफएससीके'. बेल प्रयोगशाळेतील टी. जे. कोवाल्स्की यांचा या कार्यक्रमावरील निबंध १९७८ चा आहे. बर्कली येथील ४.२ बीएसडी या १९८३ च्या आवृत्तीसाठी मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी कोवाल्स्की यांच्यासह त्यात फेरबदल केले. ब्लॉक व आकार, मार्गनामे, निर्देशिकांची परस्परांशी जोडणी, नावांची संख्या आणि शेवटी रिकाम्या ब्लॉकची यादी अशा टप्प्यांनी हा कार्यक्रम पुढे जातो. ज्यांचे नाव हरवले आहे अशा फाइली तो 'लॉस्ट अँड फाउंड' या निर्देशिकेत आणून ठेवतो.

या कार्यक्रमामागील गृहीतक लक्षात घेण्याजोगे आहे. यंत्र मध्येच थांबणे हे भ्रष्टतेचे मुख्य कारण असून डिस्क व स्मृती अन्यथा प्रामाणिक आहेत, असे तो मानतो. परिणामी तो विसंगती दूर करतो. सत्य कोणते याचा निर्णय त्याला करता येत नाही. एकाच ब्लॉकवर दोन फाइलींनी दावा सांगितला, तर त्यांपैकी किमान एकीचा दावा खोटा असतो; परंतु कोणाचा, हे हिशेबावरून कळत नाही. अशा वेळी एखादी फाइल पुसून टाकली की हिशेब जुळतो, पण दावा खोटा कसा निर्माण झाला याचा पुरावाही तिच्याबरोबर पुसला जातो. दुरुस्तीपूर्वी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ठेवावी, हा जाणकारांचा दंडक याच कारणामुळे आहे.

बर्कलीच्या फाइल व्यवस्थेने आणखी एक पाऊल उचलले. संपूर्ण रचनेचे वर्णन ज्यात असते त्या 'सुपरब्लॉक'च्या प्रती डिस्कवर निरनिराळ्या ठिकाणी ठेवण्यात आल्या. एखादी चकती किंवा एखादा पट्टा निकामी झाला तरी एक तरी प्रत वाचावी, अशा बेताने त्यांची स्थाने तिरकस सरकत जातील अशी योजना करण्यात आली. भ्रष्टतेचे कारण वीजखंड इतकेच नसून डिस्कचा पृष्ठभागही आहे, याची ही रचनेतच दिलेली कबुली होती.

वैयक्तिक संगणकांच्या जगात हाच इतिहास अधिक गोंगाटात घडला. तेथील 'फॅट' पद्धतीत एका कोष्टकाच्या आधारे फाइलींचे तुकडे साखळीसारखे जोडलेले असतात. साखळ्या एकमेकींत गुंतणे आणि तुकडे निराधार होणे ही तेथील नित्याची लक्षणे होती. १९९१ च्या एमएस-डॉस ५.० मध्ये तर 'चेकडिस्क' या तपासणी कार्यक्रमातच दोष आढळला आणि त्याच वर्षी दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. वैद्यच रोगाचे कारण असू शकतो, हे त्यावरून दिसून आले. १९९३ च्या ६.० आवृत्तीत डिस्कवरील मजकूर दाबून साठविण्याची 'डबलस्पेस' सोय होती. फाइली नाहीशा झाल्याच्या तक्रारी येऊ लागताच या नव्या सोयीवर बोट ठेवले गेले. मात्र लेखन काही काळ स्मृतीत रोखून धरणारा 'स्मार्टड्राइव्ह' हाही तितकाच संशयास्पद होता. पडद्यावर पुढील आज्ञेची खूण दिसली म्हणजे काम संपले असे समजून वापरकर्ता यंत्र बंद करी; मजकूर मात्र अजून डिस्कवर पोहोचलेला नसे. त्याच वर्षीच्या ६.२ आवृत्तीत लेखन पूर्ण झाल्याखेरीज ती खूण न दाखविण्याची व्यवस्था करण्यात आली आणि 'स्कॅनडिस्क' हे तपासणीचे नवे साधनही देण्यात आले.

३. रोजकीर्दीची पद्धत

डिस्कचा आकार वाढत गेला तशी संपूर्ण हिशेब तपासण्याची पद्धत वेळखाऊ ठरू लागली. यावरचा उपाय व्यापाऱ्यांच्या वहीखात्याची आठवण करून देणारा आहे. खतावणीत फेरफार करण्यापूर्वी व्यवहार रोजकीर्दीत नोंदवावा. मध्येच व्यत्यय आला तर रोजकीर्द पाहून अपुरा व्यवहार पूर्ण करावा किंवा रद्द करावा. माहितीसंचांच्या क्षेत्रात रूढ असलेले हे तत्त्व झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट हॅगमन यांनी 'सीडर' या फाइल व्यवस्थेला लावले व त्याचे विवेचन १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. आयबीएमची 'जेएफएस' १९९० मध्ये आणि सिलिकॉन ग्राफिक्सची 'एक्सएफएस' १९९४ मध्ये त्याच मार्गाने आली. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये ही कल्पना मांडली. तिच्यातून साकारलेली 'ईएक्सटी३' ही व्यवस्था नोव्हेंबर २००१ मधील २.४.१५ या आवृत्तीपासून मूळ लिनक्समध्ये समाविष्ट झाली.

याच २.४.१५ आवृत्तीत फाइल व्यवस्था वियुक्त करताना ती भ्रष्ट होण्याचा एक वेगळाच दोष निघाला आणि काही दिवसांतच २.४.१६ प्रसिद्ध करावी लागली. हा योगायोग बोधप्रद आहे. रोजकीर्द व्यत्ययापासून संरक्षण देते, परंतु कारकुनाने रोजकीर्दीतच चुकीची रक्कम मांडली तर ती चूक खतावणीत इमानाने उतरते. शिवाय रोजकीर्द आधी व खतावणी नंतर या क्रमावर संपूर्ण पद्धत उभी आहे. डिस्क स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत लेखनाचा क्रम बदलत असेल आणि तो पाळण्याची आज्ञा तिला दिली गेली नसेल, तर हा आधार निखळतो. २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जुनफेंग यांग, डॉसन एंगलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शक्य त्या सर्व अवस्था यंत्राकरवी धुंडाळून ईएक्सटी३, जेएफएस व रायझरएफएस या तिन्ही व्यवस्थांत मिळून ३२ गंभीर दोष उघडकीस आणले. या तिन्ही व्यवस्था तोवर प्रत्यक्ष वापरात रुळलेल्या होत्या.

२००९ मधील वाद आणखी वेगळा होता. ईएक्सटी४ या नव्या व्यवस्थेत यंत्र अचानक बंद पडल्यावर नुकत्याच लिहिलेल्या फाइली शून्य लांबीच्या झालेल्या आढळू लागल्या. तपासाअंती व्यवस्थेचा हिशेब बिनचूक निघाला. मजकुरासाठी जागा नेमून देण्याचे काम ती लांबणीवर टाकत होती आणि प्रमाणित नियमांनुसार तसे करण्याची तिला मुभा होती. जुन्या ईएक्सटी३ मध्ये ही लांबण नसल्याने अनेक कार्यक्रमांना 'मजकूर आताच डिस्कवर न्या' अशी स्पष्ट आज्ञा देण्याची सवयच नव्हती. दोष नियम न पाळणाऱ्या कार्यक्रमांचा की सवय मोडणाऱ्या व्यवस्थेचा, यावर बराच ऊहापोह झाला. अखेर नियम तसाच ठेवून जुन्या सवयीलाही सांभाळून घेणारे बदल व्यवस्थेत करण्यात आले. कारणनिदान हे केवळ तांत्रिक नसून जबाबदारी ठरविण्याचेही काम आहे, हे या प्रकरणाने दाखविले.

४. यंत्रसामग्रीवरील संशय

यंत्र प्रामाणिक असते, या गृहीतकाला मात्र आरंभापासूनच तडे जात होते. १९७८ मध्ये इंटेलमधील टिमोथी मे व मरे वुड्स यांनी स्मृतीच्या चिपांच्या आवरणातून निघणाऱ्या अल्फा कणांमुळे साठविलेला बिट पालटू शकतो, हे दाखवून दिले. अशा चुका ओळखून दुरुस्त करणारे संकेत रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच मांडले होते. परंतु ती सोय असलेली स्मृती महाग असल्याने सामान्य संगणकांत क्वचितच बसविली गेली. गूगलच्या यंत्रांवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्मृतिपट्ट्यांत किमान एक दुरुस्त करता येण्याजोगी चूक नोंदली गेली. दुरुस्तीची सोय नसलेल्या यंत्रात असा पालटलेला बिट निर्देशिकेच्या ब्लॉकमध्ये असेल तर तो तसाच डिस्कवर लिहिला जातो आणि पुढे संशय डिस्कवर येतो.

नियंत्रकांची उदाहरणेही कमी नाहीत. १९९५ च्या सुमारास काही आयडीई नियंत्रक चिपांमध्ये असा दोष आढळला की फ्लॉपीचा वापर सुरू असताना हार्ड डिस्कवरून वाचलेला मजकूर बिघडे. एकेका घटकाची स्वतंत्र चाचणी घेतली असता सर्व निर्दोष ठरत. दोष दोघांच्या एकाच वेळच्या कामात होता.

जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड व डेव्हिड क्लार्क यांच्या १९८४ च्या निबंधात एक प्रसंग नोंदविलेला आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत अनेक जाळी जोडणाऱ्या यंत्रांपैकी एकात मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेताना सुमारे दहा लाख बाइटांमागे एकदा बाइटांच्या एका जोडीची अदलाबदल होऊ लागली. तारेवरील प्रत्येक टप्प्याची तपासणी बिनचूक होती. चूक टप्प्यांच्या मध्ये, त्या यंत्राच्या पोटात होत होती. त्या मार्गाने वारंवार ये-जा केलेल्या एका कार्यप्रणालीच्या मूळ संहितेत त्यामुळे भ्रष्टता शिरली. शेवटी तिच्या धन्यांना कागदावर छापलेल्या जुन्या प्रती काढून हाताने ताडून पाहाव्या लागल्या. संगणकशास्त्रज्ञांवर पाठचिकित्सकाची वेळ आली ती अशी. या निबंधाचा सिद्धांत असा की, मधल्या टप्प्यांवरील तपासण्यांनी काम जलद होईल, पण खात्री फक्त दोन टोकांवरच करता येते.

५. मूक भ्रष्टता

२००० नंतरच्या दशकात या सिद्धांताला मोजमापाचा आधार मिळाला. युरोपातील सर्न या अणुसंशोधन केंद्राने २००७ मध्ये तीन हजारांहून अधिक यंत्रांवर एक साधी चाचणी चालविली. ठराविक नमुन्याची सुमारे दोन गिगाबाइटची फाइल लिहायची, परत वाचायची आणि ताडून पाहायची. पाच आठवड्यांत शंभर यंत्रांवर मिळून पाचशे चुका आढळल्या. निदानाच्या दृष्टीने या चुकांचा आकार महत्त्वाचा ठरला. सुमारे दहा टक्के चुकांत एकच बिट पालटलेला होता. त्यांचा संबंध स्मृतीशी लागत होता. दहा टक्के चुका डिस्कच्या एका खंडाएवढ्या किंवा स्मृतीच्या एका पानाएवढ्या होत्या. उरलेल्या ऐंशी टक्के चुका ६४ किलोबाइटच्या सलग पट्ट्यांच्या होत्या आणि त्यांचा माग नियंत्रक व डिस्कमधील आज्ञावली यांच्या न जुळण्यापर्यंत लागला. लेखनिकाने अक्षर चुकविले की ओळ गाळली की पानच उलटे बांधले, हे दोषाच्या मापावरून ओळखण्याचाच हा प्रकार होता.

पुढील वर्षी लक्ष्मी बैरवसुंदरम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५.३ लाख डिस्कांच्या ४१ महिन्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चार लाखांहून अधिक वेळा असे आढळले होते की डिस्कने कोणतीही तक्रार न करता परत दिलेला मजकूर पडताळणीच्या संख्येशी जुळत नाही.

ही पडताळणीची संख्या, म्हणजे चेकसम, कोठे ठेवावी हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ती मजकुराच्या शेजारीच ठेवली आणि डिस्कने नवे लेखन केल्याचे सांगून प्रत्यक्षात ते केलेच नाही, तर जुना मजकूर व जुनी संख्या एकमेकांशी जुळतात आणि चूक लपते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक, मॅट अहरेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या आणि २००५ मध्ये खुल्या झालेल्या 'झेडएफएस' व्यवस्थेत ही संख्या त्या ब्लॉककडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवली जाते. साक्षीदार आरोपीपासून दूर ठेवण्याची ही योजना आहे. तरीही तिची मर्यादा आहेच. संख्या काढण्यापूर्वी स्मृतीत पालटलेला बिट तिला खराच वाटतो.

६. एका निदानाची कहाणी

ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीवर काही वापरकर्त्यांच्या ईएक्सटी४ व्यवस्था भ्रष्ट होऊ लागल्या. तक्रार ईएक्सटी४ करीत असल्याने संशय तिच्यावरच आला. तिची देखभाल करणारे थिओडोर त्सो यांना आपल्या चाचण्यांत हा दोष पुन्हा घडवून आणता येत नव्हता आणि ४.१८ नंतर ईएक्सटी४ मध्ये झालेले बदलही थोडे होते. तक्रारदारांची यंत्रे निरनिराळी होती; काहींवर दोष काही तासांत दिसे, तर काहींवर कधीच दिसत नसे.

अशा वेळी दोन आवृत्त्यांमधील हजारो बदलांची पुनःपुन्हा अर्धी वाटणी करीत दोषी बदलापर्यंत पोहोचण्याची रीत आहे. परंतु दोष केव्हातरीच प्रकट होत असेल, तर दूषित आवृत्तीही थोड्या वेळाच्या चाचणीत निर्दोष ठरते आणि त्यानंतरचा सगळा शोध चुकीच्या अर्ध्या भागात चालतो. 'दोष दिसला' ही साक्ष भक्कम असते. 'दोष दिसला नाही' ही साक्ष चाचणी किती काळ चालली यावर अवलंबून असते. पुरेशा चिकाटीने केलेल्या वाटणीतून अखेर जो बदल हाती आला तो ईएक्सटी४ मधील नव्हता. तिच्या खालच्या थरात, डिस्ककडे विनंत्या पाठविणाऱ्या भागात होता.

त्याची प्रक्रिया अशी होती. क्रम लावणारा कार्यक्रम नसेल तेव्हा वाचन-लेखनाची विनंती रांगेत न ठेवता थेट चालकाकडे दिली जाई. चालक 'सध्या सवड नाही' असे सांगून ती परत करी. पण तत्पूर्वी तिच्यासाठी स्मृतीतील जागांचे कोष्टक त्याने कधी कधी तयार केलेले असे. परत आलेली विनंती रांगेत जाई आणि तेथे लगतची दुसरी विनंती तिला जोडली जाई. आता विनंती मोठी झाली, कोष्टक मात्र जुनेच राहिले. परिणामी फक्त मूळ भाग वाचला जाई आणि उरलेल्या जागेत स्मृतीतील आधीचा केरकचरा तसाच राही. फाइल व्यवस्था तो हिशेब समजून वाची आणि भ्रष्टतेची तक्रार करी. डिसेंबर २०१८ मध्ये या थराची देखभाल करणारे येन्स आक्सबो यांनी एकदा थेट पाठवून परत आलेल्या विनंतीला दुसरी जोडली जाऊ नये, अशी दुरुस्ती केली आणि ती ४.१९ च्या पुढील उपआवृत्तीत समाविष्ट झाली.

या प्रकरणात आरडाओरड करणाऱ्यावरच आळ आला होता. ईएक्सटी४ हिशेब तपासून पाहते, म्हणून तिला विसंगती दिसली. सामान्य फाइलीच्या मजकुराची पडताळणी ती करीत नाही. त्यामुळे तेथे पडलेला केरकचरा कोणाच्याही लक्षात न येता राहू शकत होता.

७. समारोप

या इतिहासातून निदानाची एक शिस्त हळूहळू घडत आलेली दिसते. दुरुस्तीपूर्वी पुरावा जपावा. भ्रष्ट भागाचा आकार, स्थान व नमुना पाहावा. स्मृती, तार, नियंत्रक व डिस्क यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. आणि ज्याने तक्रार केली त्यालाच अपराधी मानू नये. १९७८ मध्ये 'हिशेब जुळतो का' हा प्रश्न होता. 'मजकूर तोच आहे का' हा त्याहून अवघड प्रश्न व्यवस्थेच्या रचनेतच विचारला जाण्यास पुढे सुमारे पाव शतक लागले.

वाङ्मयाच्या व इतिहासाच्या अभ्यासकांना या विषयाकडे परकेपणाने पाहता येणार नाही. दफ्तरे, पोथ्या, नियतकालिके व ध्वनिमुद्रणे यांच्या संगणकीय प्रती तयार होत असताना, मूळ कागद जीर्ण होऊन हाताळण्याजोगा न राहिल्यावर, या प्रतीच एकमेव साक्ष ठरणार आहेत. भ्रष्ट झालेली फाइल न पडताळता राखीव प्रतींत उतरली आणि जुन्या राखीव प्रती यथाकाल पुसल्या गेल्या, तर प्रतींची संख्या कितीही असली तरी त्या सर्व एकाच भ्रष्ट मातृकेच्या वंशातील ठरतात. पाठचिकित्सेत अशा प्रतींची साक्ष एकाच प्रतीइतकी मानली जाते. संग्रह उभारतानाच प्रत्येक फाइलची पडताळणी-संख्या स्वतंत्र ठिकाणी नोंदविणे, ती ठराविक काळाने ताडून पाहणे आणि किमान एक प्रत वेगळ्या यंत्रसामग्रीवर ठेवणे, हे उपाय खर्चिक नाहीत. मात्र ते आरंभीच योजावे लागतात. मूळ मजकूर काय होता हे सांगणारी साक्ष कोठेच उरली नसेल, तर भ्रष्टतेचे कारण अचूक सापडूनही तो मजकूर परत मिळत नाही.